हौदातली हजेरी

१८ नोव्हेंबर १९७३, रविवार

सकाळी साडेसहा. गारठा बरा आहे. हौदावर हजेरी घेतली, तेरा भरले. परत घेतली, तेराच. चौदावा कमळाच्या पानाखाली सापडला. उलटा. पोट टम्म. शेपटीवर काळा ठिपका असलेला तो छोटा पांढरा मासा.

साहेबांना जाऊन अजून महिना व्हायचाय. दिल्लीला लेकीकडं गेलेत, डोळ्यांचं ऑपरेशन. जाताना मोटारीची काच खाली करून म्हणाले, "शंकर, चौदा सोडून चाललोय. चौदा परत पाहिजेत." मी "जी साब" म्हणून सॅल्यूट ठोकला. पलटणीत बारा वर्षं त्यांचा ऑर्डर्ली, पेन्शनीनंतर त्यांच्याच बंगल्यावर माळी. जी साब म्हणालो आणि केलं नाही, असं आजवर झालेलं नाही.

मासा पेरूखाली पुरला. ही दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "आजारी असंल वो." माझ्या ताब्यात असताना आजारी पडायचं काय कारण?

२० नोव्हेंबर, मंगळ

साहेबांनी लिहून दिलेला कागद खिळ्यावरून काढून परत वाचला. पाला रोज काढणे. काढतो. नळाचं पाणी थेट सोडणे नाही, त्यात औषध असतं, पिंपात दोन दिवस उभं ठेवून मग. ठेवतो. उत्तरेच्या अंगाला पोती, वर जाळी. आहे. शेवटचं कलम: थंडी पडली की खायला बंद. खाली दोन रेघा. "थंडीत त्यांचं पोट झोपतं. भुकेनं मरत नाहीत, खाऊन मरतात."

दिवाळी झाल्यापासून मी एक दाणा टाकलेला नाही. मग पोट टम्म कशानं?

२६ नोव्हेंबर, सोम

दोन गेले. एकदम. हजर अकरा.

हिला म्हणालो, कुणीतरी मुद्दाम करतंय. ही भाकरी थापत होती, मान वर केली नाही. म्हणाली, "कोन कशाला करंल? तुमची आपली लष्करी शंका."

संध्याकाळी साहेबांना पत्र लिहायला बसलो. "सर्व ठीक" एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. फाडलं.

३० नोव्हेंबर, शुक्र

सांगलीहून लेकीचं, शालनचं पत्र. सातवा लागला. पोरीचं हे तिसरं. पहिली दोन राहिली नाहीत. पहिल्या वेळी मी सरहद्दीवर होतो, तार चौथ्या दिवशी हातात पडली. दुसऱ्या वेळी रजा मंजूर होती, पण पलटणीची इन्स्पेक्शन होती म्हणून मीच दोन दिवस पुढं ढकलली. पोचलो तेव्हा पोर भिंतीकडं तोंड करून पडली होती. माझ्याकडं वळली नाही. हे कुणाला कधी बोललो नाही. इथं लिहितोय.

यंदा बाळंतपणाला माहेरी आणायचं ठरलं होतं. ही खोली सारवून बसलेली. पण तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणतात, गाडीचे दणके नकोत, सांगली सोडायची नाही. जावई हळदीच्या पेढीवर कामाला, माणूस चांगला. त्यानं लिहिलंय, काळजी करू नये. ही पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेते, मग पदराला पुसून देव्हाऱ्यात ठेवते. शाईचं काय होतं ते देवाला ठाऊक.

८ डिसेंबर, शनि

हजर दहा.

इंदूबाईंच्या मांजरावर संशय. शेजारच्या बंगल्यात राहतात, शाळेत शिकवतात. सकाळपासून काठी घेऊन बसलो. मांजर कुंपणावर आलं, पाण्याकडं बघून जांभई दिली आणि झोपलं. तरी काठी आपटली. इंदूबाई बाहेर. "शंकरराव, मुक्या जिवावर काठी उगारता?" म्हणालो, माझेही मुकेच आहेत. बरीच बोलाचाली झाली. शेवटी त्या म्हणाल्या, "मांजरानं नेला असता तर मासा पाण्यात मेलेला सापडला असता का?"

खरं आहे. मेलेला मासा अख्खा असतो. खवला हललेला नसतो. जाळीही शाबूत, म्हणजे खंड्या पक्षीही नव्हे.

माफी मागायला गेलो नाही. उद्या पेरू पाठवीन.

१२ डिसेंबर, बुध

हौदाला आंबूस वास. वर पातळ साय धरलीय. पातेल्याच्या तळाला राहिलेल्या पेजेसारखी. तिसरा हिस्सा पाणी काढून पिंपातलं भरलं. कंबर धरली.

ही म्हणते पीठ संपलं. दळण आणून आठ दिवस नाही झाले. आम्ही माणसं दोन. म्हणालो, पीठ कोण खातं गं, उंदीर? तर म्हणे, "खाईत असतील. त्यास्नीबी प्वाट हाय." आणि हसली. शालनच्या पत्रानंतर आज पहिल्यांदा हसली, म्हणून पुढं विचारलं नाही.

१६ डिसेंबर, रवि

नऊ.

आता राहिलेत त्यांत सुभेदार आहे. सगळ्यांत थोरला, वीतभर, तांबडा, डाव्या कल्ल्यापाशी पांढरा पट्टा. साहेबांच्या बाईसाहेबांनी आणलेला. त्या गेल्या, मासा राहिला. संध्याकाळी साहेब खुर्ची टाकून त्याच्याशी इंग्रजीत बोलत बसायचे. मी चहा ठेवून लांब उभा राहायचो, ते बोलणं ऐकू नये म्हणून. तो गेला तर मी या बंगल्यात राहणार नाही. साहेब जा म्हणणार नाहीत. मीच जाईन.

२० डिसेंबर, गुरु

सापडलं.

हौदाचा सांडवा तुंबला होता. जादा पाणी जायचं ते मोरीचं भोक. तार घालून ढवळलं तर लगदा निघाला, कागदाचा. म्हटलं पतंग असेल. तळहातावर पसरला. नखाएवढे कपटे, एकाला एक चिकटलेले. शाई उतरलेली, पण एकावर वाचता आलं. राम. दुसऱ्यावर राम. तिसऱ्यावर रा, म कुजलेला.

अक्षर पहिलीच्या पोरासारखं. र ची शेपटी लांब, म चं पोट फुटलेलं. ओळखीचं नाही.

कपट्यांना कणिक चिकटलेली.

घरात जाऊन पिठाच्या डब्याकडं बघितलं. जेवण गेलं नाही.

२१ डिसेंबर, शुक्र

दोनला रोजच्यासारखा वाचनालयात पेपर वाचायला म्हणून निघालो आणि फाटकापासून मागं फिरलो. ही हौदाच्या काठावर बसलेली. मांडीवर पत्र्याचा डबा. एक एक गोळी कपाळाला लावायची, ओठ हलवायचे, जाळीच्या भोकातून सोडायची.

मी मागं उभा. तिला चाहूल लागली पण थांबली नाही. शेवटची सोडली, डबा मिटला आणि मग म्हणाली, "झाल्या. एकशेआठ. आता काय बोलायचं ते बोला."

त्रिपुरी पौर्णिमेपासून चाललंय. कागदाच्या कपट्यावर रामाचं नाव, तो तुरीच्या दाण्याएवढ्या कणकेच्या गोळीत, रोज एकशेआठ, माशांच्या तोंडी. शालन सुखरूप सुटेपर्यंत. खंड पडता कामा नये. हिच्या आईनं केलं होतं म्हणे, हिच्या भावाच्या वेळी. "आईला लिवता येत न्हवतं, गुरवाकडनं लिवून घ्यायची. मी म्हनलं, माज्या लेकीसाठी मी सोता लिवनार."

लिहिणार! तीस वर्षं मी पाटी घेऊन हिच्या मागं लागलो. सही शीक, सही शीक. पेन्शनीच्या कागदावर आजही अंगठा आहे. आणि कार्तिकात इंदूबाईंकडं जाऊन दोन अक्षरं शिकून आली. तेवढीच दोन.

हे मी समजून घ्यायला हवं होतं, घेतलं नाही. मी ओरडलो. लय ओरडलो. थंडीत खाऊन मरतात, तो कागद खिळ्याला आहे, पाच जीव गेले, तू पुरताना बघत उभी होतीस! ती म्हणाली, "बगत हुते. मनातनं हात जोडत हुते." मग कशाला टाकत होतीस?

म्हणाली, "मासं मेलं तर साहेब दुसरं आनतील. शालन कुटनं आनू?"

मी आणखी ओरडलो. बंद म्हणजे बंद. ऑर्डर आहे. डबा मी फडताळात वर ठेवला.

२४ डिसेंबर, सोम

तीन दिवस. पाणी निवळतंय. साय नाही, वास नाही. हजर नऊ, नऊच्या नऊ तळाशी, एका रांगेत, शिस्तीत. माझं बरोबर होतं.

ही जेवायला वाढते, पाणी देते, "आनखी घ्या" म्हणते. बास. भांडली असती तर बरं झालं असतं.

२९ डिसेंबर, शनि

जावयाचं पत्र. शालनच्या पायांवर सूज, तोंडावरही. डॉक्टरीणबाईंनी अंथरुणातून उठायचं नाही म्हणून सांगितलंय, मीठ बंद.

वाचून दाखवलं. सुजेचं वाक्य गाळावं असं मनात आलं होतं, पण तिला माझा आवाज कळतो. ऐकून ती उठली नाही, रडली नाही. फक्त माझ्याकडं बघितलं. एवढंच.

हजर नऊ. आज मोजताना चुकलो, परत मोजावं लागलं.

३ जानेवारी १९७४, गुरु

साहेबांचं पत्र. दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलंय, खाली सही वाकडी. पट्टी सुटली. बुधवारी २३ ला साताऱ्यात पोचतो. "माझी चौदा पोरं कशी आहेत? सुभेदाराला सलाम सांग." पत्र घडी करून खिशात ठेवलं. खिसा दिवसभर जड वाटत होता.

दुपारी हिला म्हणालो, चल, सायकलवर बस, माहुलीला जाऊ. नदीत टाक तुझ्या गोळ्या, तिथं मासे हत्तीएवढे आहेत, काही होत नाही त्यांना. मला वाटलं खूश होईल.

"मी हौदाच्या पान्याला बोललेय. हितंच सुरू केलं, हितंच फेडायचं. पानी बदललं तर बोलनं खोटं पडतं."

असलं कायदेकानून पलटणीतही नव्हते! म्हणालो, देवाला काय हौद आणि नदी वेगळी असते का? तर म्हणे, "त्येला नसंल. मला हाय."

९ जानेवारी, बुध

आज पडद्याआडून बघितलं. भांडी घासायच्या निमित्तानं ही हौदापाशी गेली. कनवटीचं काढलं. एक गोळी. एकच. कपाळाला लावली, सोडली, राखेचे हात झाडून भांड्यांकडं वळली.

म्हणजे खंड पडलाच नाही. एकवीस तारखेपासून रोज एक. माझ्या नाकाखाली.

ती आत गेल्यावर मी जाळं घेऊन धावलो, गोळी काढायला. सुभेदार वर आलेला. या थंडीत तळ सोडून कुणी हलत नाही आणि हा वर. गोळी त्याच्या तोंडात. माझ्याकडं बघत चावत होता. तोंडातून कागदाचा कपटा बाहेर आला, परत आत गेला.

हजर नऊ. एका गोळीनं काय होतंय. हे माझ्या हातानं लिहितोय, त्याचंच नवल वाटतंय.

१४ जानेवारी, सोम. संक्रांत

तिळगूळ दिला. गोड बोला म्हणाली. म्हणालो, तूच बोल गं काहीतरी. तेव्हा म्हणाली, "शालन लहान असताना हलव्याचा दागिना दातानं फोडायची, आटवतंय का?" मला नाही आठवत. मी नव्हतोच. हो म्हणालो.

थंडी भयंकर. सकाळी गवतावर पांढरं पडलं होतं. दोन पोती आणखी टाकली.

१६ जानेवारी, बुध

आठ.

भोपळ्या गेला, पिवळा. पोट टम्म नव्हतं. रोडका झाला होता, उलट. कणकेनं नव्हे, थंडीनं. चार आठवडे मी म्हणत होतो, खाणं बंद केलं म्हणून वाचले. आता काय म्हणू?

पेरूखाली खड्डा काढताना ही आली. कुदळ घेतली माझ्या हातातनं. म्हणाली, "तुमची कंबर धरलीय. द्या."

१७ जानेवारी, गुरु

जावयाची तार. आईंना पाठवा. एवढंच. तारेत लोक शब्द वाचवतात, पण इतके?

अकराच्या सांगली गाडीत बसवून दिलं. बोचक्यात बाळंतविडा, डिंक, शालनची जुनी दुलई. मी येतो म्हणालो, तर म्हणाली, "साहेब येनार हायती. तुमी शबुद दिलाय." यात टोमणा नव्हता. असता तर कळला असता.

गाडी सुटायच्या आधी खिडकीतून म्हणाली, "डबा फडताळात हाय. टाका असं म्हनत न्हाई मी."

कंडक्टरनं घंटी मारली.

"टाकू नका असंबी म्हनत न्हाई."

१८ जानेवारी, शुक्र

हजर आठ. सगळे तळाशी. सुभेदार एका कुशीवर कलतोय आणि परत सरळ होतोय. पाण्यात बोट घातलं, बधिर झालं.

डबा काढला नाही. या गारठ्यात सुभेदाराच्या पोटात काहीही गेलं तर तो संपला. हे मला पक्कं ठाऊक आहे. दोनला वाचनालयात गेलो. एक ओळ वाचली नाही.

म्हणजे खंड आज पडला. माझ्या हातानं.

१९ जानेवारी, शनि

टपाल नाही. पोस्टमनला फाटकापर्यंत जाऊन विचारलं, परत विचारलं. "न्हाई वो मामा, असतं तर दिलं असतं की." त्याच्यावर उगाच डाफरलो.

२० जानेवारी, रवि

इंदूबाई चहा घेऊन आल्या. पेरू पोचल्यापासून बोलतात. म्हणाल्या, "शंकरराव, माझा भाऊ पुण्याहून मंगळवारी येतोय. तिथं असे मासे मिळतात. सहा आणायला सांगू? साहेबांची नजर अधू आहे, त्यांना काय कळणार?"

खोटं कशाला लिहू, मन गेलं. रात्रीपर्यंत कळवा म्हणाल्या, तेव्हा हो म्हणावंसं वाटलं. सहा आणले की चौदा. साहेब खुर्ची टाकून बसणार, मी चहा ठेवणार, सगळं जागच्या जागी.

नाही म्हणालो. आठ तर आठ.

जाताना दारात थांबल्या. "मला वाटलं वहिनींना सही शिकायचीय. मी म्हटलं, आधी नाव लिहा तुमचं. तर म्हणाल्या, माझ्या नावाचं काय काम न्हाई बाई."

आजही टपाल नाही. रविवार, कुठून येणार! तरी दोनदा फाटकावर गेलो.

२१ जानेवारी, सोम

साडेनऊला तार. शालन दवाखान्यात. ऑपरेशन आज दुपारी. ताबडतोब या.

परत वाचली. कोट घातला, काढला, परत घातला. गाडी अकराला.

फडताळातून डबा काढला. तिनं जायच्या आधी करून ठेवलेल्या गोळ्या वाळून खडे झालेल्या, मोजल्या तर एकसष्ट. कणिक भिजवली. माझ्या हाताची पहिली कणिक, चिखल झाला, आणखी पीठ घातलं. रोजनिशीचं मागचं पान फाडून कपटे केले, सत्तेचाळीस. लिहायला बसलो. माझं अक्षर पलटणीत नावाजलेलं, साहेबांची पत्रं मी लिहायचो. पहिला राम काढला, मोत्यासारखा. आणि वाटलं, हे चालायचं नाही. नवस तिचा. मग र ची शेपटी लांब काढली. म चं पोट फोडलं. सत्तेचाळीस वेळा. डोळ्यांत पाणी येत होतं, पुसायला वेळ नव्हता.

हौदावर गेलो तेव्हा ऊन पाण्यावर आलं होतं. कपाळाला लावायची की नाही ठरत नव्हतं. लावली. एक एक सोडली. सगळ्या सरळ तळाला गेल्या. कुणी हललं नाही. ऑर्डर मोडतोय, कुणाची ते कळत नाही. माशांना म्हणालो, गड्यांनो, माफी करा. मग सुभेदार उठला. सावकाश. म्हातारा माणूस बाजेवरून उठतो तसा. तळातली एक उचलली. मग दुसरी.

माझ्याच्यानं पुढं बघवलं नाही.

साहेबांना चिठ्ठी, किल्लीसोबत इंदूबाईंकडं: "हजर आठ. सहा गेले. पाण्यात कणिक दिसेल, ती मी टाकली. मीच टाकली. आल्यावर सांगतो. शंकर." पाणी बदलायला त्यांना सांगितलंय, पिंपातलंच घ्या, नळाचं नको. तेवढं तरी.

तीच तारीख, गाडीत

अक्षर हलतंय. इस्लामपूर गेलं.

रुमाल काढायला कोटाच्या खिशात हात घातला तर गोळी. एक. एकशेसात पडल्या. आयुष्यभर मोजण्याचं काम केलेला माणूस मी, आणि आजच मोजायला चुकावं? शेजारी तासगावचा कुणी द्राक्षवाला, बेदाण्याच्या गोष्टी सांगतोय. त्याला काय सांगू?

बसल्या बसल्या नकाशा मांडला. हौदाचा सांडवा बागेत जातो, बागेतला पाट ओढ्याला, ओढा वेण्णेला, वेण्णा माहुलीला कृष्णेत. कृष्णा सांगलीला. म्हणजे हौदाचं पाणी सांगलीला जातं. बदलत नाही. हे मला तीन तारखेला सुचलं असतं तर तिला समजावलं असतं, सायकलवर नेलं असतं, मासे वाचले असते, खंड पडला नसता. तेव्हा मी कायदेकानून म्हणून हसलो.

सांगलीचा पूल आला. काच उघडेना, गंजलेली. द्राक्षवाल्याला म्हणालो, हात लावा जरा. त्यानं काही विचारलं नाही, लावला. दोघांनी ओढली तेव्हा चार बोटं उघडली. कपाळाला लावून सोडली. पाण्यात पडली की कठड्यावर, दिसलं नाही.

तो म्हणाला, "काय टाकलंसा, मामा?"

म्हणालो, लेकीचं हाय.

स्टँड. गाडी वळतेय. जावई खांबापाशी उभा आहे, एकटा. ओळखला. तोंड पलीकडं आहे.